ज्वारीचे मोड आणि बिअरचा मक्ता

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याला ज्वारीचे मोड ठाऊक आहेत ते संकट म्हणून. काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणसातच दाणा फुटतो, काळा पडतो आणि भाव कोसळतो. हेच मोड मुद्दाम आणून धान्य वाळविले म्हणजे त्यास माल्ट म्हणतात, आणि बिअरची खरी करामत तेथेच आहे. मोड येताना दाण्यात जी पाचक द्रव्ये तयार होतात, ती पिठाची साखर करतात. मग खमीर त्या साखरेचे मद्य करते. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या आमच्या आयाबहिणींना यातील पूर्वार्ध शिकवावा लागत नाही.

हा पूर्वार्ध डब्यात तयार मिळाला तर काय होते, ते अमेरिकेने पाहिले. तेथे 1920 ते 1933 दारूबंदी होती. पण माल्टचा आटविलेला पाक खाद्यपदार्थ म्हणून दुकानात उघड मिळे. तो पाण्यात उकळावा, निववावा, खमीर घालावे, की झाली घरच्या घरी बिअर. कायद्याने कारखाने बंद केले, स्वयंपाकघरे त्याला बंद करता आली नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत मात्र स्वयंपाकघरावरच घाला पडला. तेथील आफ्रिकी स्त्रिया आपल्याच ज्वारीची दाट, आंबूस बिअर करीत. ज्वारीचे पीठ शिजण्यास जवापेक्षा अधिक उष्णता लागते. म्हणून ते आधी उकळून घ्यावयाचे आणि निवल्यावर माल्ट मिसळावयाचे. उकळत्यात टाकले तर माल्टची शक्ती मरते. हे ज्ञान त्या स्त्रियांचे होते. परंतु 1908 साली नाताळात कायदा झाला, आणि बिअर करण्याचा व विकण्याचा मक्ता नगरपालिकांना घेता येऊ लागला. डर्बनने तो घेतला. घरी बिअर करणारी बाई गुन्हेगार ठरली. तीच बिअर कामगार नगरपालिकेच्या बिअरगृहात पगारातून विकत घेऊ लागला, आणि त्या नफ्यातून त्यालाच काबूत ठेवणाऱ्या खात्याचा खर्च भागू लागला. 1929 साली गोदीकामगारांनी आणि चॅम्पियन यांच्या कामगार संघटनेने या बिअरगृहांवर बहिष्कार घातला. 1959 साली केटो मॅनर वस्तीतील स्त्रिया त्यांवर चालून गेल्या.

हा हिशेब आम्हांस परका नाही. परभणी निजामाच्या राज्यात असताना शिंदी व मोहाच्या दारूवरील अबकारी हे सरकारचे मोठे उत्पन्न होते. आज 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून घरी मद्य करणे गुन्हा आहे. त्याच महाराष्ट्रात 2007 साली ज्वारी-बाजरीसारख्या धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांस अनुदान देण्याचे धोरण आले, आणि त्याविरुद्ध आंदोलने झाली.

आम्ही दारूची वकिली करीत नाही. पगाराच्या दिवशी तिने रिकामी केलेली घरे कामगार चळवळीत आम्ही फार पाहिली आहेत. परंतु दारूच्या कायद्याचा विचार नीतीपाशी थांबू नये. घरच्या चुलीवर जो गुन्हा ठरतो त्याचा मक्ता कोणाच्या हाती जातो, आणि त्याचा पैसा कोणाच्या पगारातून येतो, हेही कामगारांनी विचारले पाहिजे. डर्बनच्या गोदीत ते विचारले गेले होते.