व्यक्तिगत संकेतस्थळ

एखाद्या व्यक्तीने स्वतःविषयी किंवा आपल्या आवडीच्या विषयाविषयी महाजालावर मांडलेला आणि स्वतःच सांभाळलेला पृष्ठसंच. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत घडविलेले जागतिक महाजालाचे तंत्र १९९३ मध्ये सर्वांना विनामूल्य खुले झाले आणि विद्यापीठांतील संगणकांवर अशी पृष्ठे दिसू लागली. ती एचटीएमएलमध्ये, म्हणजे शीर्षक, परिच्छेद व दुवे खुणांनी दर्शविणाऱ्या भाषेत, हाताने लिहिली जात. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजने विनामूल्य जागा दिल्यावर हौशी लोकांची पृष्ठे उदंड झाली. त्यांतील लुकलुकणारी चित्रे आणि भडक रंग आज हास्यास्पद वाटले, तरी त्यांतला जिवंतपणा नंतरच्या तयार साच्यांत क्वचितच आढळतो. मजकूर व रूप वेगळे ठेवणारी सीएसएस ही शैलीभाषा १९९६ मध्ये आली, तर २००३ मधील वर्डप्रेस या प्रणालीमुळे मजकूर विदागारात साठवून मागणीनुसार पृष्ठ रचणे सोपे झाले.

मराठी पृष्ठांची अडचण निराळी होती. प्रत्येक देवनागरी टंकाची संकेतपद्धती स्वतंत्र असल्याने तोच टंक वाचकाच्या संगणकावर नसेल, तर मजकुराऐवजी निरर्थक रोमी अक्षरे उमटत. प्रत्येक अक्षराला एकच सर्वमान्य क्रमांक देणारी युनिकोड पद्धती रुळल्यावरच ही अडचण दूर झाली आणि मराठी मजकूर शोधयंत्रांना सापडू लागला.

समाजमाध्यमांच्या प्रसारानंतर स्वतःचे संकेतस्थळ राखणारे मागे पडले. याहूने १९९९ मध्ये विकत घेतलेली जिओसिटीज सेवा २००९ मध्ये अमेरिकेत आणि २०१९ मध्ये जपानमध्ये बंद झाली.