स्वार्थ : मराठी व खानदेशी क्रियारूपे

स्वार्थ : आज्ञा, कर्तव्य, इच्छा, संकेत इ. छटांचा बोध न होता क्रियापदाच्या रूपावरून केवळ विधानाचा व त्याच्या काळाचा बोध होतो, तेव्हा त्या रूपाचा अर्थ ‘स्वार्थ’ मानतात. उदा., ‘तो जातो’ (स्वार्थ). ‘तू जा’ (आज्ञार्थ). ‘त्याने जावे’ (विध्यर्थ). ‘तो जाता, तर’ (संकेतार्थ).

पाणिनीय व्याकरणात काळ व अर्थ दहा लकारांच्या एकाच मालिकेत येतात. त्यांची स्वतंत्र वर्गवारी इंग्रजीने लॅटिन व्याकरणावरून घेतली. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांच्या १८३६ मधील व्याकरणापासून इंग्रजी धर्तीची मांडणी मराठीत रूढ होत गेली. मोरो केशव दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणात (१९११) क्रियापदाच्या अर्थांचे सविस्तर विवेचन आहे.

ही वर्गवारी खानदेशातील अहिराणीस लावताना रूपसाम्याने फसगत होऊ शकते. ज्ञानेश्वरीच्या भाषेत ‘करी’ हे वर्तमानकाळाचे रूप होते. त्या भाषेचे व्याकरण वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केले; त्यांच्या आयुष्याची अखेर धुळे येथेच झाली (१९२६). आधुनिक मराठीत ‘तो करी’ म्हणजे ‘तो करीत असे’, हा रीतिभूतकाळ; धुळे व पश्चिम जळगाव भागांतील अहिराणीत मात्र ‘तो करी’ म्हणजे ‘तो करील’. तिन्ही ठिकाणी अर्थ स्वार्थच. काळ मात्र तीन.

अहिराणीचा वर्तमानकाळही वेगळा आहे. ‘मी करस, तू करस, तो करस, ती करस’ असे एकच रूप चालते. मराठीतील ‘करतो-करते’ हा लिंगभेद त्यात नाही. भूतकाळात ‘गेला’, ‘आला’ यांऐवजी ‘गया’, ‘उना’ अशी रूपे येतात. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) खानदेशीचा समावेश भिल्ली भाषांबरोबर झाला, अनेक मराठी अभ्यासक तिला मराठीची बोली मानतात. २०११ च्या जनगणनेत ‘खानदेशी’ मराठीहून स्वतंत्र नोंदली असून तिच्या भाषकांची संख्या १८ लाखांहून अधिक आहे.

हा प्रश्न केवळ वर्गीकरणाचा नाही. प्रमाण मराठीच्या सवयीने वाचल्यास अहिराणी भाषकाचे भविष्याविषयीचे विधान गतकाळाचे ठरते. म्हणून शाळेत वा न्यायालयात अशा रूपांना ‘अशुद्ध मराठी’ न म्हणता त्यांचा काळ त्या बोलीच्याच नियमांनी ठरविणे आवश्यक आहे.