दरवाजा, खिळे आणि हत्तीचं गंडस्थळ

दौलताबाद किल्ल्याच्या महाकोट या तटबंदीच्या दरवाज्यापाशी पर्यटक तोफा बघतात आणि पुढे सरकतात. कवाडांवरचे अणकुचीदार लोखंडी खिळे मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहेत. ते माणसासाठी नव्हतेच. धडक देणाऱ्या हत्तीला माघार शिकवण्यासाठी ते ठोकले गेले.

या खिळ्यांचं कूळ शोधायला हत्तीच्या शिक्षणापर्यंत जावं लागतं. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त हत्ती पकडण्यापासून त्याला माणसाळवण्यापर्यंतची माहिती आहे. देवगिरीचे, म्हणजे याच दौलताबादचे, यादव हे या चालुक्यांचे मांडलिक. 1187च्या सुमारास पाचवा भिल्लम स्वतंत्र झाला.

माहुताचं मुख्य साधन अंकुश. टोक टेकवायचं आणि हत्ती हवा तसा वळला की तत्क्षणी दाब काढून घ्यायचा. त्या सुटकेतून हत्ती शिकतो. त्रास थांबल्यामुळे एखादी कृती पक्की होण्याला बी. एफ. स्किनर यांच्या परंपरेतले मानसशास्त्रज्ञ ऋण प्रबलन म्हणतात. गजशाळेत हे शास्त्र शेकडो वर्षं आधीच रुळलं होतं, आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. अर्थात सगळं शिक्षण टोचूनच होत नसे. हत्ती ताल धरतात, बाण सोडतात, पडलेली वस्तू उचलून माहुताच्या हाती देतात, असं अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवलं आहे.

अशा शिकवलेल्या हत्तीला दारावर घालायचे. तो कपाळाने रेटा देई. म्हणून खिळेही त्याच उंचीवर आले.

पुण्यात 1732मध्ये उभ्या राहिलेल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावर ही मांडणी अगदी स्पष्ट दिसते. तिथे एकेका कवाडावर 72 खिळे आहेत, नऊ गुणिले आठ अशा रांगांत, हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीला. शिक्षा परिणामकारक व्हायची तर ती कृतीला लागून यावी लागते. इथे तर रेटा आणि वेदना यांत क्षणाचंही अंतर नाही. मागून अंकुश ‘पुढे हो’ म्हणतो, समोरून खिळा ‘मागे फिर’ म्हणतो. आणि बिथरलेला हत्ती वळला की आपलंच सैन्य तुडवतो. त्या मुक्या जनावराची या दोन वेदनांमध्ये किती घालमेल होत असेल, हेही दुर्गरचनेचं कौतुक करताना आठवायला हवं.

दौलताबादला खिळ्यांच्या जोडीला वाटेचाही विचार केलेला आहे. एकामागून एक दरवाजे, मध्ये बंदिस्त चौक, वळणं आणि दोन्ही अंगांना बुरूज. हत्तीला धाव घ्यायला सरळ जागाच मिळत नाही.

1633मध्ये महाबतखानाच्या मोगल फौजेने हा किल्ला घेतला, तेव्हा दारांवरच्या खिळ्यांचा उपाय चालण्यासारखा नव्हता. मोगलांनी तटांखाली सुरुंग लावले होते. आत उपासमार झाली आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फतेहखान याने किल्ला हवाली केला.