वर्गमूळ पद्धत (वर्गसमीकरण)

वर्गमूळ पद्धत ही वर्गसमीकरण सोडवण्याची एक बीजगणितीय रीत आहे. समीकरणाच्या एका बाजूस चलाचा किंवा चल असलेल्या राशीचा पूर्ण वर्ग आणि दुसऱ्या बाजूस केवळ स्थिर संख्या असेल, तर दोन्ही बाजूंची वर्गमुळे घेऊन चलाच्या किमती काढता येतात.

रीत

क्ष² = क या समीकरणात क धन असल्यास क्ष = ±√क. क्ष² − क = ० चे अवयव (क्ष − √क)(क्ष + √क) असल्यामुळे मुळे दोनच असतात. ‘√’ हे चिन्ह केवळ धन वर्गमूळ दर्शवते. म्हणून ± हे चिन्ह वेगळे लिहावे लागते. क शून्य असल्यास दोन्ही मुळे शून्य असतात; क ऋण असल्यास वास्तव मुळे नसतात.

उदाहरणे

१) ३क्ष² − ७५ = ०
क्ष² = २५
क्ष = ५ किंवा क्ष = −५

२) (क्ष − ३)² = ७
क्ष − ३ = ±√७
क्ष = ३ + √७ किंवा क्ष = ३ − √७

दुसऱ्या मुळाचे महत्त्व

ऋण वर्गमूळ विसरल्यास एक उत्तर हरवते, आणि ते हरवलेले उत्तर ऋणच असेल असे नाही. भास्कराचार्यांच्या (द्वितीय) ‘बीजगणित’ या ग्रंथातील वानरांचे उदाहरण हेच दाखवते. कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतकी वानरे वनात रमली आहेत व उरलेली १२ टेकडीवर आहेत; तर एकूण वानरे किती?

(क्ष/८)² + १२ = क्ष
क्ष² − ६४क्ष = −७६८

येथे मधले पद असल्याने लगेच वर्गमूळ घेता येत नाही. दोन्ही बाजूंत ३२² म्हणजे १०२४ मिळवून पूर्ण वर्ग करावा लागतो.

(क्ष − ३२)² = २५६
क्ष − ३२ = ±१६
क्ष = ४८ किंवा क्ष = १६

४८ चा अष्टमांश ६, त्याचा वर्ग ३६; ३६ + १२ = ४८. १६ चा अष्टमांश २, त्याचा वर्ग ४; ४ + १२ = १६. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. केवळ धन वर्गमूळ घेतल्यास १६ हे उत्तर मिळणार नाही.

मुळांची पडताळणी

त्याच ग्रंथातील दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग घेतला आहे. तितकी वानरे गुहेत असून एक बाहेर दिसते. समीकरणाची मुळे ५० व ५ येतात. परंतु ५ च्या पंचमांशातून ३ वजा केल्यास −२ उरतात, म्हणून भास्कराचार्य हे उत्तर अग्राह्य ठरवतात. यावरून दोन्ही मुळे आधी काढावीत व नंतरच उदाहरणाच्या अटींवर पारखावीत, हा क्रम स्पष्ट होतो.