घरी घडविलेला ध्वनिक्षेपक : भोपाळच्या प्रयोगपरंपरेतील एक छंद

बाजारात तयार ध्वनिक्षेपकांची रेलचेल असताना तो घरी घडविण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न सहज पडावा. त्याचे उत्तर भोपाळच्या विज्ञानशिक्षणाच्या परंपरेत सापडते. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत एक विज्ञानशिक्षण उपक्रम सुरू झाला. पाठांतराऐवजी हाताने प्रयोग करून शिकणे, हे त्याचे सूत्र होते. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या ‘एकलव्य’ संस्थेने हे कार्य विस्तारले. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन या उपक्रमात सहभागी झाले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी यांतून त्यांनी शैक्षणिक खेळणी साकारली. भोपाळमधूनच १९८८ पासून ‘इलेक्ट्रॉनिकी आपके लिए’ हे हिंदी मासिक निघू लागले आणि हा विषय इंग्रजी न जाणणाऱ्यांच्याही आवाक्यात आला. घरगुती ध्वनिक्षेपक हा याच वृत्तीचा स्वाभाविक विस्तार होय.

तत्त्व आणि पहिला प्रयोग

ध्वनिक्षेपकाचे तत्त्व सोपे आहे. चुंबकीय क्षेत्रातील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह गेला की वेटोळे पुढे-मागे हलते. त्याला जोडलेला शंकू हवा ढकलतो आणि ध्वनी निर्माण होतो. आजचा प्रचलित नमुना राइस आणि केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडला.

कागदी पेल्याच्या बुडाला तारेचे वेटोळे चिकटवून त्याच्याजवळ चुंबक धरला, तरी हे तत्त्व ऐकता येते. मात्र वेटोळ्याचा रोध फार कमी असल्यास ॲम्प्लिफायर निकामी होण्याची भीती असते. ३६ गेजच्या एनॅमल तांब्याच्या तारेचे अडीच सेंटिमीटर व्यासाचे १०० वेढे घेतल्यास सुमारे आठ मीटर तार लागते आणि रोध साडेचार ओहमच्या आसपास येतो. आवाज अगदी कमी ठेवून आरंभ करणे इष्ट.

पेटीचे गणित

खऱ्या छंदाला सुरुवात होते ती पेटीपासून. शंकूच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंचे ध्वनी परस्परविरोधी असतात. ते मिसळले की खर्ज नाहीसा होतो. म्हणून उघडा वूफर कितीही महाग असला तरी कोरडाच वाजतो. पेटी किती मोठी असावी, हे पूर्वी अंदाजाने ठरत असे. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी त्याला गणिती पाया दिला.

समजा, वूफरची अनुनाद-वारंवारता ५० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४ आणि व्हीएएस २० लिटर आहे. बंद पेटीचा एकूण क्यू ०.७ च्या सुमारास ठेवल्यास आवाज संतुलित राहतो. गणिताने पेटीचे आतील घनफळ सुमारे साडेनऊ लिटर येते. म्हणजे १८ सेंटिमीटर रुंद, १७ सेंटिमीटर खोल आणि ३१ सेंटिमीटर उंच पेटी पुरते. वूफर व आतील आधारपट्ट्या जेवढी जागा व्यापतील, तेवढी थोडी वाढवावी. पेटीत बसविल्यावर अनुनाद-वारंवारता सुमारे ८८ हर्ट्झ होते, हेही ध्यानात ठेवावे.

लाकूड निवडताना हवामानाचा विचार हवा. भोपाळच्या कोरड्या उन्हाळ्यात टिकणारा एमडीएफ गोव्याच्या पावसाळ्यात कडांना फुगतो. किनारपट्टीवर जलरोधक प्लायवुड अधिक भरवशाचे ठरते. बंद पेटीचे सांधे हवाबंद असणे अनिवार्य आहे.

सुधारणा कशी करावी

दुसरा टप्पा ट्वीटरचा. खर्जाचा भार त्याच्यावर पडू नये म्हणून कपॅसिटर जोडतात. आठ ओहमच्या ट्वीटरसाठी तीन हजार हर्ट्झच्या सुमारास विभागणी करायची असल्यास ६.८ मायक्रोफॅरडचा, ध्रुवता नसलेला कपॅसिटर योग्य ठरतो. ही केवळ सुरुवात होय; ट्वीटर व वूफर यांचा मेळ मोजमापानंतरच नीट बसतो. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे निःशुल्क सॉफ्टवेअर आणि मोजमापाचा मायक्रोफोन यांच्या साहाय्याने वारंवारतेचा आलेख काढता येतो. एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

तुलना करताना दोन्ही ध्वनिक्षेपकांची पातळी समान ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि बहुतेक फसगत येथेच होते. तीन डेसिबल वाढीसाठी दुप्पट शक्ती लागते. परंतु कानाला तो फरक बेताचाच जाणवतो. म्हणूनच केवळ वॉट वाढविण्यापेक्षा पेटी व मेळ सुधारणे फलदायी ठरते.

निवासी क्षेत्रात रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. तिचा भंग न करताही तबल्याचा खर्ज आणि तंबोऱ्याची जवारी स्पष्ट ऐकू यावी, हेच या छंदाचे खरे यश. मोठा आवाज विकत मिळतो. चांगला आवाज ओळखण्याचा कान मात्र स्वतःच्या हातांनी काम करतानाच तयार होतो.