जुन्या साखळी करवतींचा जीर्णोद्धार

जुन्या साखळी करवतींचा जीर्णोद्धार हा यंत्रविषयक छंदाचा एक प्रकार आहे. लाकूडतोडीसाठी पूर्वी वापरात असलेल्या व आता बंद पडलेल्या साखळी करवती (चेनसॉ) मिळवणे, त्या खोलून स्वच्छ करणे, झिजलेले भाग बदलणे आणि त्या पुन्हा चालू स्थितीत आणणे असे या छंदाचे स्वरूप असते. उत्तर अमेरिका, जर्मनी, स्वीडन, ऑस्ट्रेलिया अशा मोठा लाकूड व्यवसाय असलेल्या प्रदेशांत हा छंद विशेषत्वाने आढळतो.

पार्श्वभूमी

जर्मनीतील आंद्रेआस स्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. तिचे वजन सुमारे ४८ किलो होते व ती चालवण्यास दोन माणसे लागत. १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीची चाचणी थुरिंगियातील डोल्मार या डोंगरावर घेतली. पुढे त्याच नावाने त्यांची कंपनी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर हलक्या मिश्रधातूंमुळे एका माणसाला पेलतील अशा करवती बनू लागल्या. अमेरिकेतील मॅकलॉक कंपनीची १९४९ मधील ३-२५ ही करवत अशांपैकी एक होय.

त्याच सुमारास जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याच्या अळीचे जबडे पाहून, डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने कापणाऱ्या दात्यांची साखळी बनवली. आजच्या बहुतेक साखळ्या याच रचनेवर आधारलेल्या आहेत. १९५९ मध्ये आलेल्या स्टील कॉन्ट्रा या करवतीत दंतचक्रांची पेटी नव्हती. इंजिनाची गती क्लचमार्फत थेट साखळीला मिळे. १९५० ते १९७० या दशकांतील अशा करवतींना छंदिष्टांची विशेष पसंती असते. त्यांची रचना साधी असून घरगुती अवजारांनी त्या बऱ्याच अंशी खोलता येतात.

प्राथमिक तपासणी

बंद करवत पुन्हा चालू होण्याजोगी आहे की नाही, हे मुख्यतः सिलिंडर व पिस्टन यांच्या स्थितीवर ठरते. करवत सुरू करण्याच्या दोरीची मूठ धरून ती उचलली असता, इंजिनातील दाब चांगला असल्यास करवत टप्प्याटप्प्याने सावकाश खाली येते. ती एकदम घसरली तर पिस्टनच्या कड्या झिजल्याची शक्यता असते. नेमके मोजमाप दाबमापकाने केले जाते. धूर बाहेर जाण्याची पेटी काढून आत पाहिल्यास पिस्टनवरील उभे ओरखडे दिसू शकतात. ठिणगी पडते की नाही, हे स्पार्क प्लग बाहेर काढून तपासले जाते.

दुरुस्तीचे टप्पे

प्रज्वलन: जुन्या करवतींत ठिणगीसाठी यांत्रिक पॉइंट व कंडेन्सर असतात. दीर्घकाळ पडून राहिल्याने पॉइंटवर गंज चढतो. तो घासून काढल्यावर व त्यांतील फट उत्पादकाने दिलेल्या मापावर आणल्यावर अनेकदा इतर काहीही न बदलता ठिणगी परत मिळते.

इंधनव्यवस्था: या करवतींच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता गोळा नसून पातळ लवचीक पडदा असतो. त्यामुळे करवत आडवी किंवा उलटी धरली तरी इंधनपुरवठा खंडित होत नाही. काळाच्या ओघात हा पडदा ताठर होतो व इंधनाच्या नळ्यांना चिरा पडतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबराची हानी अधिक लवकर होते. अनेक प्रचलित कार्ब्युरेटरसाठी पडदे व गॅस्केट यांचे संच अद्याप मिळतात.

हवाबंदपणा: दोन घात इंजिनात इंधन, हवा व वंगण यांचे मिश्रण क्रॅंकच्या पेटीतूनच वर जाते. पेटीचे सील कडक झाले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील इंधनाचे व त्यासोबत वंगणाचे प्रमाण घटते आणि पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो. कष्टाने उभे केलेले इंजिन या एका दोषामुळे काही मिनिटांत निकामी होऊ शकते. म्हणून अनुभवी मंडळी करवत सुरू करण्यापूर्वी दाब व निर्वात अशा दोन्ही चाचण्या घेतात.

वंगण व साखळी: जुन्या करवतींवर १६ भाग पेट्रोलास १ भाग तेल असे प्रमाण लिहिलेले आढळते. ते त्या काळच्या तेलांसाठी होते. आजच्या दोन घात इंजिनाच्या तेलासोबत अनेक जण ३२ किंवा ४० भागांस १ असे प्रमाण वापरतात. साखळीला धार गोल कानशीने, प्रत्येक दात्याचा कोन सारखा राखून लावली जाते.

मूळ स्वरूप आणि वापर

या छंदातील एक कायमचा वादविषय म्हणजे जीर्णोद्धाराची मर्यादा. काहींच्या मते मूळ रंग, खुणा व ओरखडे हा त्या यंत्राचा इतिहास असल्याने ते जपावेत. इतर जण करवत कारखान्यातून निघाली तशी नव्याने रंगवतात. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक सुटा भाग बसवल्यास करवत अधिक भरवशाची होते, पण तिची मूळ रचना बदलते. अनेक कंपन्या बंद पडल्याने सुटे भाग मिळत नाहीत. एक करवत वाचवण्यासाठी तशीच दुसरी मोडावी लागते. कोणती मोडावी हा निर्णय परत फिरवता येत नाही, म्हणून दुर्मीळ नमुने शक्यतो अखंड ठेवले जातात.

सुरक्षितता

पात्याचे टोक लाकडाला अडकल्यास करवत चालवणाऱ्याच्या अंगावर उसळते. अशा वेळी साखळी थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकात रूढ झाला. त्यापूर्वीच्या बहुतेक करवतींत तो नसतो. कंपने शोषणारे दांडेही सुरुवातीच्या करवतींत नव्हते. दीर्घकाळच्या कंपनांमुळे बोटांतील रक्तप्रवाह मंदावून ती पांढरी व बधिर पडण्याचा विकार लाकूडतोड्यांमध्ये आढळत असे. त्यामुळे दुरुस्त झालेली करवत चालू असली तरी ती रोजच्या कामास योग्य असतेच असे नाही. अनेक जण ती केवळ प्रदर्शनात किंवा थोड्या वेळाच्या प्रात्यक्षिकात चालवतात.

दुरुस्तीच्या कामातही धोके असतात. दोरी गुंडाळणारी स्प्रिंग ताणलेली असल्याने झाकण काढताना ती उसळू शकते. करवतीचे कवच बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते; ते घासताना उडणारा बारीक भुसा पेट घेऊ शकतो आणि अशा आगीवर पाणी टाकल्यास ती अधिक भडकते. त्यासाठी जवळ कोरडी वाळू ठेवतात. करवत चालवताना जाड पादत्राणे, साखळीरोधक पँट, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण आवश्यक मानले जाते.