चौकशी भाडेकरूची, घराची नाही

भाड्याच्या घरांची सरकारने तपासणी करावी का, असा विषय निघाला की सुशिक्षित मंडळींचे उत्तर ठरलेले असते. कायदे पुष्कळ आहेत. आणखी निरीक्षक नेमले तर फक्त हप्ते वाढतील. भाडेकरूला त्रास असेल तर तो तक्रार करील, नाहीतर घर बदलील. सरकारने फार हात घातला तर मालक घरे कुलूपबंद ठेवतील. या म्हणण्याला आधार नाही असे नाही. २०११च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटीहून जास्त घरे रिकामी आढळली होती. तरीही हे मत चूक आहे असे मी म्हणतो, आणि भोपाळ डोळ्यांसमोर ठेवूनच म्हणतो.

आधी तक्रारीचे पाहू. मध्य प्रदेशातला भाडेव्यवहार वर्षानुवर्षे ज्या कायद्यावर चालला, त्या १९६१च्या स्थान नियंत्रण अधिनियमाच्या बाराव्या कलमात घर खाली करून घेण्याची कारणे दिली आहेत. जागा धोकादायक किंवा माणसाने राहण्यास अयोग्य झाली आहे आणि मालकाला दुरुस्ती करायची आहे, हे त्यांतलेच एक. म्हणजे भिंत फुगली, छत गळते, हे भाडेकरूने सिद्ध केले की त्याला बाहेर काढण्याचा पुरावा त्यानेच मालकाच्या हाती दिला. दुरुस्तीनंतर परत येण्याची सोय कायद्यात आहे, पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला तिचा उपयोग काय? बैतूल, पांढुर्णा, बुऱ्हाणपूरकडून शिकायला आलेली आपली मराठी मुले डिपॉझिट अडकवून खोलीत राहतात, आणि परीक्षा तोंडावर आलेली असते. ती तक्रार करणार नाहीत. तक्रारी आल्या नाहीत म्हणून घरे ठीक आहेत, असा निष्कर्ष काढणे हा अन्याय आहे.

केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या नमुना भाडेकरार कायद्याने भाडेकरूला थोडे बळ दिले. मालक दुरुस्ती करीत नसेल तर भाडेकरूने ती करून घ्यावी आणि महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत रक्कम कापावी. घर राहण्याजोगे उरले नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन सोडावे. पण घर राहण्याजोगे आहे की नाही, हे प्रत्यक्ष जाऊन पाहणार कोण? भाडे प्राधिकारी उपजिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असावा असे कायदा सांगतो. जिने चढून घरे पाहणारी माणसे मात्र त्यात कुठेच नाहीत.

आणि पाहण्यासारखे खूप असते. भोपाळमधल्या एम. पी. नगरच्या क्लासेसना जाणारी मुले ज्या वस्त्यांत राहतात, तिथली नेहमीची इमारत घ्या. खाली मोटारसायकली दाटीने लावलेल्या, त्यांच्या डोक्यावर मीटरांचा बोर्ड, आणि वर-खाली करायला तेवढा एकच जिना. वरच्या मजल्यावर एका खोलीच्या प्लायवूड घालून दोन केलेल्या. त्यांतल्या एकीला खिडकी नाही. न्हाणीघरात गॅसचा गिझर आणि हवा जायला झरोका नाही. बोर्डावर वीजगळती-रोधक स्विच असेल तर त्याचे चाचणीचे बटण दाबले की खटका पडला पाहिजे. जाणता माणूस हे सगळे अर्ध्या तासात तपासतो. इंदूरच्या स्वर्णबाग कॉलनीत ७ मे २०२२ रोजी एका भाड्याच्या इमारतीत आग लागून सात जण गेले. पार्किंगमधल्या वाहनाला आग एका माणसाने लावली, हा गुन्हा झाला. पण वरची माणसे अडकली ती जिन्यात आग आणि धूर भरल्यामुळे. ज्या तपासणीत जिना पाहतात, तिला गुन्हेगाराची नियत ओळखावी लागत नाही.

भाड्याच्या घरापर्यंत शासन पोहोचू शकत नाही असेही नाही. भाडेकरूची माहिती ठाण्यात द्या, असे आदेश भोपाळमध्ये पुन्हा पुन्हा निघतात आणि न देणाऱ्या मालकावर गुन्हा नोंदवला जातो. राहणारा कोण, हे विचारायला यंत्रणा आहे. तो कशात राहतो, हे विचारायला नाही.

आता हप्त्यांचा आक्षेप. तो मी गंभीरपणे घेतो, कारण अनुभव सर्वांचा आहे. पण निरीक्षकांची संख्या कमी ठेवणे हा त्यावरचा उपाय असता, तर भोपाळ वायुगळतीतून वाचले असते. १९८४ साली राज्यात आठ हजारांहून अधिक कारखान्यांवर पंधरा निरीक्षक होते. भोपाळ भागाचे निरीक्षक यंत्र अभियंते होते, रसायनांच्या धोक्याचे ज्ञान तुटपुंजे, आणि कारखान्यांना भेट द्यायला बस नाहीतर रेल्वे. कायदा तेव्हाही होता. दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांचे नवे प्रकरण घातले गेले, पण कलमे स्वतः दारात जाऊन उभी राहत नाहीत. एका माणसाच्या हाती हजारो ठिकाणे दिली की कुठे जायचे आणि कुठे नाही हे तोच ठरवतो, आणि हप्ता याच जागी जन्मतो. नेमून दिलेला क्रम, छापील तपासणी पत्रक, फोटो, आणि भाडेकरूच्या हाती अहवालाची प्रत, एवढे असले की विकायला त्याच्याकडे फारसे उरत नाही.

पैशाचा प्रश्न खरा आहे. त्यात मुंबईचे उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकवते. १९६९च्या कायद्याने जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. दर पावसाळ्याआधी म्हाडा त्यांची पाहणी करून अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. तरी धोकादायक ठरलेली भेंडी बाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ला कोसळली आणि ३३ माणसे दगावली. तपासणीनंतर माणसांना हलवायला जागा आणि दुरुस्तीला पैसा नसेल तर यादी कागदावर राहते. म्हणून तरतूद दोन्हींसाठी लागते.

भोपाळमध्ये त्यासाठी नवा कर शोधावा लागत नाही. मध्य प्रदेशच्या महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मालमत्ता करात पन्नास टक्के सूट देतात. घर भाड्याने दिले की ती सूट जाते. हा जास्तीचा निम्मा भाग भाड्याच्या घरांतूनच येतो. तो वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून उपअभियंत्यांची पदे भरावीत. इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा अधिक जण एकत्र राहतात अशा घराला परवाना लागतो आणि परवाना-व्यवस्थेचा खर्च मालकाच्या शुल्कातून निघतो. आपल्याकडे तेवढेही करायची गरज नाही. शिवाय घरात भाडेकरू ठेवून स्वतः राहत असल्याची सूट घेणारे मालक याच तपासणीत सापडतील.

हिशेब फार मोठा नाही. एका निरीक्षकाने दिवसाला चार घरे पाहिली तर वर्षाच्या दोनशे कामाच्या दिवसांत आठशे होतात. पाच वर्षांतून एकदा पाळी धरली तर एका पदामागे चार हजार घरे. एका पदाचा वर्षाचा पगार आणि प्रवासखर्च आठशे घरांवर वाटला तर महिन्याच्या भाड्यात त्याचा भार जाणवणार नाही, आणि तेवढ्यासाठी कोणी मालक चालते घर बंद करून भाडे सोडणार नाही.